सात रंगांच्या चिठ्ठ्या : 'सेव्हन एजेस ऑफ रॉक' आणि आम्हा सहा फॅन्सचं भांडण

भांडण सुरू झालं 'सेव्हन एजेस ऑफ रॉक' या रॉकच्या इतिहासावरच्या डॉक्युमेंट्री सिरीजच्या चौथ्या भागाच्या शेवटी. स्क्रीनवर नावं वर सरकत होती आणि आमच्यातला मेटलवाला एकदम म्हणाला, "अरे पण झेपलिन कुठंय?" तासभर हेवी मेटलचा इतिहास बघून झाला होता, ब्लॅक सॅबथ झाले, डीप पर्पल झाले, जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन, मेटॅलिका सगळे येऊन गेले, आणि लेड झेपलिन मात्र पुढच्या भागात ढकललेले, स्टेडियम रॉक म्हणून, क्वीन आणि किस आणि डायर स्ट्रेट्सच्या पंगतीला. त्याला हे सहनच होईना. मग बीटल्सवाली म्हणाली की तुझा बँड निदान कुठेतरी आहे तरी, माझ्यासाठी तर एक भागसुद्धा नाही. मग काका बोलायला लागले (आमच्यात ते सगळ्यात मोठे, प्रोग रॉकवर, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकवर, जीव टाकणारे, सगळे त्यांना काकाच म्हणतात) आणि त्या रात्री पाचवा भाग लागलाच नाही.

हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं कारण त्यानंतर आम्ही जे केलं त्यातून या डॉक्युमेंट्रीबद्दलचं माझं मत दोनदा बदललं, आणि रॉकच्या इतिहासावरच्या कुठल्याही सिरीजवर फॅन्स का चिडतात ते पहिल्यांदा थोडंफार कळलं असं वाटतंय.

आधी सिरीजबद्दल. 'सेव्हन एजेस ऑफ रॉक' २००७ साली बीबीसी टू वर आली, अमेरिकेतल्या व्हीएच-वन क्लासिक सोबत मिळून केलेली, सात भाग, प्रत्येक तासाभराचा, निवेदन ज्युलियन राइंड-टटचं. पहिला भाग ब्लूजवर उभ्या राहिलेल्या रॉकचा, १९६३ ते १९७०, म्हणजे रोलिंग स्टोन्स, क्रीम, द हू आणि मुख्य म्हणजे जिमी हेंड्रिक्स. दुसरा आर्ट रॉक, त्यात व्हेल्वेट अंडरग्राउंड, पिंक फ्लॉइड, बोवी, रॉक्सी म्युझिक, जेनेसिस. तिसरा पंक, चौथा मेटल, पाचवा स्टेडियम, सहावा अमेरिकन ऑल्टरनेटिव्ह म्हणजे आर.ई.एम. पासून निर्वाणापर्यंत, आणि सातवा ब्रिटिश इंडी, द स्मिथ्सपासून आर्क्टिक मंकीजपर्यंत. नाव ऐकल्यावर शेक्सपिअरची ती माणसाची सात वयं आठवतात, पाळण्यातल्या बाळापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत, एकामागून एक. पण भागांची सालं बघा. पहिला १९६३ ला सुरू, दुसरा १९६६, तिसरा १९७३, मग चौथा परत मागे १९७० ला, आणि पाचवा त्याच्याही मागे १९६५ ला. म्हणजे ही वयं नाहीतच, या खोल्या आहेत. एकाच घरातल्या सात खोल्या, सगळ्या एकाच वेळी भरलेल्या, आणि मधली दारं बंद. हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं, मला आपलं वाटत होतं की आमच्यातला प्रत्येकजण स्वतःच्या बँडसाठी रडतोय.

आम्ही सहाजण. मेटलवाला, बीटल्सवाली, काका, एक स्वतः इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मैत्रीण, एक नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन बँड्सवर वाढलेला, आणि मी. सहाही जणांना सिरीज आवडत होती हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर असं वाटेल की आम्ही फक्त खोड्या काढायला बसलो होतो. पहिला भाग संपला तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललं नव्हतं. सप्टेंबर १९६६ मध्ये ॲनिमल्स बँडचा बेसिस्ट चॅस चँडलर हेंड्रिक्स नावाच्या एका अनोळखी पोराला न्यूयॉर्कहून लंडनला घेऊन येतो, आठवडाभरात तो पोरगा क्रीमच्या स्टेजवर चढून ब्लूज गायक हाऊलिन वुल्फचं गाणं असं वाजवतो की क्रीमच्या एरिक क्लॅप्टनचे हात गिटारवरून खाली येतात, ही गोष्ट शंभर वेळा ऐकलेली असली तरी पुन्हा ऐकताना अंगावर काटा येतोच.

तर तक्रारी. मेटलवाल्याची सांगितली. बीटल्सवालीचं म्हणणं असं की सात तासांत एकही भाग बीटल्सना मध्ये ठेवून केलेला नाही आणि त्यांच्याशिवाय यातले अर्धे लोक बँड काढून बसलेच नसते. काकांचं म्हणणं की प्रोग रॉक नावाची अख्खी एक दुनिया होती, किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल, आणि तिला स्वतःचा भाग नाही, आर्ट रॉकच्या भागात जेनेसिसच्या निमित्ताने दार किलकिलं होतं तेवढंच. नव्वदवाल्याला शेवटचा भाग खटकत होता, कारण सातव्या खोलीत फक्त ब्रिटनच, जणू १९९४ मध्ये निर्वाणाचा कर्ट कोबेन गेला आणि अमेरिकेत गिटारी बंद पडल्या. आणि गिटारवाली मैत्रीण तेव्हा काहीच बोलली नाही, तिचं नंतर सांगतो, कारण तिची तक्रार सगळ्यात खोल निघाली.

एरवी अशी भांडणं जिथल्या तिथे विरतात. पुढच्या वेळी मी एक लांबलचक पांढरा कागदाचा रोल आणला, भिंतीवर आडवा चिकटवला, खाली सालं लिहिली, १९६३ ते २००७, आणि सात रंगांच्या चिकट चिठ्ठ्या, प्रत्येक भागाला एक रंग. नियम एकच : जी तक्रार असेल ती तारखेसकट चिठ्ठीवर लिहून चिकटवायची, नुसतं तोंडाने बोललेलं धरायचं नाही. सिरीजमध्ये जे आहे ते त्या भागाच्या रंगात, जे नाही असं वाटतं ते पांढऱ्या चिठ्ठीवर. मला वाटलं होतं तासाभरात होईल. तीन आठवडे तो कागद भिंतीवर होता.

झेपलिनचं प्रकरण सगळ्यात आधी सुटलं आणि तेही मेटलवाल्याच्याच हातून. तो झेपलिनला मेटलमध्ये का घ्यायला हवं याचे पुरावे लावत होता. त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याचा जन्म वेस्ट ब्रॉमविचचा, जुडास प्रीस्टही वेस्ट ब्रॉमविचमध्येच सुरू झालेले. ड्रमर जॉन बॉनम तिथून फार लांब नसलेल्या रेडिचचा, सॅबथ बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधले. एकाच टापूतली, कारखान्यांच्या धुरातली पोरं, सगळ्यांच्या कानात तेच अमेरिकन ब्लूज, आणि सिरीजमध्ये अर्धे चौथ्या भागात नि अर्धे पाचव्यात. हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण तारखा लावता लावता त्याच्याच हातात ५ मे १९७३ आली. फ्लोरिडातलं टँपा स्टेडियम, ५६,८०० माणसं, फक्त एका बँडसाठी, आणि बीटल्सनी ऑगस्ट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये केलेला ५५,६०० चा रेकॉर्ड त्या रात्री मोडला. चिठ्ठी हातात धरून तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बरं, हे स्टेडियममध्ये बसतं." ब्रिटनमध्ये त्या काळात सिंगल्स न काढणारा, टीव्हीवर जवळपास न येणारा बँड नुसत्या शोच्या जोरावर इतका मोठा कसा झाला, ही स्टेडियम रॉकचीच गोष्ट आहे, त्यामुळे त्यांना तिथे ठेवणाऱ्याने आळशीपणा केलेला नाही. फक्त तिथे ठेवल्यावर बर्मिंगहॅमचा धागा तुटतो, आणि तो तुटला हे सिरीज सांगत नाही.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की तक्रार 'आमचा बँड कमी दाखवला' ही नव्हतीच. एकमेकांशी नातं असलेली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली, ही तक्रार होती. फॅन नाव घेतो बँडचं, पण दुखत असतं ते नातं.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण भिंतीवर आपोआप तयार झालं. पहिल्या भागाचा शेवट हेंड्रिक्सच्या मृत्यूचा, १८ सप्टेंबर १९७०, लंडन. लाल चिठ्ठी. मेटलवाला काळ्या चिठ्ठ्या लावत होता, सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, मग दुसरा अल्बम 'पॅरानॉइड', आणि तो थबकला, कारण 'पॅरानॉइड' ब्रिटनमध्ये आला तो दिवस १८ सप्टेंबर १९७०. तोच दिवस. लाल आणि काळी एकावर एक. आम्ही सहाजण त्या दोन चिठ्ठ्यांकडे बघत उभे होतो. सिरीजमध्ये या दोन गोष्टींच्या मध्ये दोन अख्खे भाग आहेत, आर्ट रॉक आणि पंक, म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्याला तीन आठवडे, आणि प्रत्यक्षात मध्ये एक रात्रसुद्धा नाही. आता कुणी म्हणेल हा योगायोग आहे, आणि आहेच, पण तो दिसला की डोक्यात काहीतरी जुळतं : साठच्या दशकाचं ब्लूज-रॉक संपलं आणि मग कधीतरी मेटल आलं असं नाही, एकाच दिवशी, एकाच देशात, एक दार लागत होतं आणि दुसरं उघडत होतं.

आणि आयोमीची बोटं. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकतो. सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात कामाला, बँडबरोबर बाहेर पडणार म्हणून त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारांवर दाबायचा. संपलंच होतं सगळं. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, ऐकून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, दाबायला हलक्या जाव्यात म्हणून बारीक तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत तारा ढिल्या करून सूर इतका खाली आणला की आज जगभरात मेटलचा म्हणून जो जड आवाज ओळखला जातो तो त्यातून आकाराला आला. गिटारवाल्या मैत्रिणीने हे ऐकताना स्वतःच्या दोन बोटांना टेप गुंडाळून एक रिफ वाजवून बघितला. तारेचा स्पर्शच कळत नाही, म्हणाली, कान आणि अंदाज एवढ्यावरच वाजवायचं. त्यानंतर चौथा भाग आम्ही पुन्हा लावला आणि तोच आयोमी आम्हाला वेगळा ऐकू आला.

बाकी सालं भरभर. १९७६ मध्ये तिसऱ्या आणि पाचव्या भागाचे रंग एकमेकांत घुसले. १ डिसेंबरला लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनवर संध्याकाळच्या कार्यक्रमात क्वीन येणार होते, त्यांनी ऐनवेळी रद्द केलं, म्हणून त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने सेक्स पिस्टल्सना पाठवलं, आणि सूत्रसंचालक बिल ग्रंडीच्या त्या मुलाखतीत लाइव्ह टीव्हीवर शिव्या गेल्या, दुसऱ्या दिवशी पेपरांच्या पहिल्या पानावर पंक. म्हणजे पंकला घराघरात नेणारा प्रसंग क्वीनच्या रिकाम्या खुर्चीत बसून घडला. १९९१ मध्ये तर पाच चिठ्ठ्या आणि तीन रंग : मार्चमध्ये आर.ई.एम. चा 'आउट ऑफ टाइम', ऑगस्टमध्ये मेटॅलिकाचा काळा अल्बम, २४ सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', नोव्हेंबरमध्ये यू-टू चा 'आख्टुंग बेबी', आणि त्याच महिन्यात २४ तारखेला क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी गेला. एकाच वर्षात, एकाच रेकॉर्डच्या दुकानात, एकाच पोराच्या हातात येऊ शकणाऱ्या गोष्टी.

पंकचा भाग मात्र कुणालाच तोडावासा वाटला नाही, आणि का ते भिंतीवर दिसलं. १९७३ ते १९८०, फक्त सात वर्षं, दोन शहरं, न्यूयॉर्क आणि लंडन, आणि मधला पूल घट्ट. ४ जुलै १९७६ ला रॅमोन्स लंडनच्या राउंडहाऊसमध्ये वाजले. (फॅन लोकांत अशी एक कथा फिरते की त्या रात्री पिस्टल्स आणि क्लॅश दोघंही समोर उभे राहून बघत होते. तसं नाही, ते दोघं त्या रात्री शेफिल्डमध्ये स्वतः स्टेजवर होते, क्लॅशचा तो पहिलाच शो.) काळ छोटा आणि माणसं जवळजवळ असली की खोलीची पद्धत चालते. मेटलसारखी एकवीस वर्षं किंवा स्टेडियमसारखी अठ्ठावीस वर्षं घेतली की भिंतींना तडे जातात. हे माझं मत, सगळ्यांना पटलंय असं नाही.

सहाव्या भागाच्या नावाबद्दल दोन शब्द, कारण नव्वदवाल्याने ते समजावून दिलं आणि मला फार आवडलं. 'लेफ्ट ऑफ द डायल', म्हणजे रेडिओच्या काट्याची डावी बाजू. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनधंदेवाईक स्टेशनांसाठी राखीव, तिथेच कॉलेजची स्टेशनं, मुलंच चालवणार, मोठ्या स्टेशनांवर कधीही न लागणारे बँड तिथे लागायचे. जॉर्जियातल्या अथेन्स गावाच्या आर.ई.एम. चा पहिला सिंगल १९८१ मध्ये आला आणि तो अशाच स्टेशनांवरून पसरत गेला. तिथून काटा सरकत सरकत ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत येतो, जिथे 'नेव्हरमाइंड' मायकल जॅक्सनचा अल्बम खाली ढकलून पहिल्या नंबरवर बसतो. म्हणजे ही खोली नुसत्या आवाजाची नाही, एका वाटेची आहे, गाणं माणसापर्यंत कसं पोचलं त्याची. सातही भाग या पद्धतीने बांधले असते तर माझी एकही तक्रार नसती.

आता बीटल्सवालीचं. तिने पांढऱ्या चिठ्ठ्या लावल्या त्या बघता बघता सगळ्या रंगांच्या मध्ये जाऊन बसल्या. पाचव्या भागाचं सुरुवातीचं सालच १९६५, शे स्टेडियमचं साल. फेब्रुवारी १९६४ चा अमेरिकन टीव्हीवरचा तो शो, ७ कोटींहून जास्त लोकांनी बघितलेला, ज्याच्यानंतर गावोगावची पोरं गिटार मागायला लागली. तिला स्वतंत्र भाग नकोच होता असं तीच शेवटी म्हणाली. बीटल्सची स्वतःची टीव्ही सिरीज १९९५ मध्ये येऊन गेलेली, त्यात त्यांनी स्वतःच्या तोंडून सगळं सांगितलंय. तिला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, की हे सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती यांची आहे.

यावरून जुन्या फिल्मचा विषय निघाला आणि इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. फॅन म्हणतो दाखवलं का नाही, पण दाखवायला ते शिल्लक तर हवं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमाचे १९७६ च्या आधीचे बहुतेक एपिसोड नाहीतच. व्हिडिओटेप महाग होती, पुसायची आणि परत वापरायची, पॉपचा कार्यक्रम जपून ठेवायचा असतो असं कुणाला वाटतच नव्हतं. बीटल्स त्या कार्यक्रमात स्टुडिओत येऊन फक्त एकदाच वाजले, १६ जून १९६६, आणि ती टेप गेली. कुणीतरी घरच्या टीव्हीसमोर ८ मिलिमीटरचा कॅमेरा धरून टिपलेला छोटासा मूक तुकडा २०१९ मध्ये हाती लागला, एवढंच उरलंय. बोवीचं 'द जीन जिनी' जानेवारी १९७३ मध्ये तिथेच झालेलं, तेही पुसलं गेलं, पण जॉन हेनशॉल नावाच्या कॅमेरामनने स्वतः बनवलेली फिशआय लेन्स त्या शूटला वापरली होती म्हणून त्याने स्वतःसाठी एक कॉपी मागून घेतली, ती त्याच्याकडे पडून राहिली, आणि डिसेंबर २०११ मध्ये लोकांना पुन्हा बघायला मिळाली. २००७ साली सिरीज बनवणाऱ्यांना ती मिळणं शक्यच नव्हतं. विचार करा, बोवीच्या त्या वर्षाचा केवढा भाग एका माणसाच्या लेन्सवरच्या प्रेमापायी वाचला. टीव्हीवरचा रॉकचा इतिहास हा बऱ्याच प्रमाणात वाचलेल्या टेप्सचा इतिहास असतो, आणि झेपलिनसारखे बँड, जे टीव्हीपासून लांबच राहिले, ते त्यात कायम थोडे कमी दिसणार.

हे कळल्यावर बनवणाऱ्यांवरचा माझा राग बराच उतरला. काकांचा मात्र नाही. काका म्हणाले, टेप नसेल तर निदान नाव तरी घ्या. त्यांनी ५ जुलै १९६९ ची चिठ्ठी लावली, लंडनच्या हाइड पार्कमधला स्टोन्सचा फुकट शो, त्यांचा आधीचा गिटारिस्ट ब्रायन जोन्स जाऊन दोनच दिवस झालेले, लाखोंची गर्दी. रॉकच्या इतिहासात सगळेजण हा शो स्टोन्सचा म्हणून सांगतात. काका म्हणाले, त्याच स्टेजवर त्याच दुपारी किंग क्रिमसन वाजले, पहिला अल्बमही यायचा होता तेव्हा, आणि त्या गर्दीतल्या कित्येकांनी तसलं काही आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. "अहो काका, पण हा भाग ब्लूजचा आहे ना," असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "गर्दी एकच होती की रे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

शेवटी गिटारवाली मैत्रीण. ती तीन आठवडे चिठ्ठ्या वाचत होती, एकही लावत नव्हती. मग एक दिवस तिने विचारलं, कागद १९६३ लाच का सुरू होतो? मी म्हणालो, सिरीज तिथे सुरू होते म्हणून. ती म्हणाली, मग माझी तक्रार इथेच आहे. १९६३ ला लंडनची पोरं ब्लूज वाजवायला लागली, ठीक, पण ती ज्यांच्याकडून शिकली ते कुठून आले? सिरीजमध्ये ही माणसं गुरू म्हणून येतात, गोष्टीतली मुख्य पात्रं म्हणून नाही. स्टोन्सनी नावच मुळी ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलं, आणि १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर जाताना त्यांनी आग्रह धरून हाऊलिन वुल्फला बोलावलं आणि त्याच्या पायाशी बसून ऐकलं. त्या पोरांना नातं ठाऊक होतं, लपवायचं पण नव्हतं. आणि सात भागांत बायका किती आठवतात ते सांगा, म्हणाली, पंकमध्ये पॅटी स्मिथ, आणि मग? बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग तिने तिची पहिली चिठ्ठी लिहिली. ७ मे १९६४, मँचेस्टर, विल्ब्रॅहम रोडचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनडा टेलिव्हिजनने ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनासारखं सजवलं होतं, प्रेक्षक एका प्लॅटफॉर्मवर, गाणारे समोरच्या प्लॅटफॉर्मवर, मध्ये रूळ. पाऊस लागलेला. अमेरिकन गॉस्पेल गायिका आणि गिटारिस्ट सिस्टर रोझेटा थार्प, वय ४९, लांब कोट घालून घोडागाडीतून उतरते, ओल्या प्लॅटफॉर्मवरून चालत येते, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते, आणि पाऊस पडतोय म्हणून ठरलेलं गाणं बदलून पावसाचंच गाणं धरते. ही फिल्म पुसली गेलेली नाही, शाबूत आहे. आम्ही ती लावली. मधल्या सोलोला ती तारा अशी काही खेचते की मेटलवाला खुर्चीत पुढे सरकून बसला, आणि संपल्यावर त्याने फक्त विचारलं, "ही कधीपासून असं वाजवत होती?"

त्याचं उत्तर द्यायला कागद पुरेना. तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४ मध्ये रेकॉर्ड झालेलं. चक बेरीचं 'मेबेलिन' १९५५. लिटल रिचर्ड, ज्याच्या बँडमध्ये हेंड्रिक्स लंडनला यायच्या आधी गिटार वाजवत होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला थार्पचं नाव घ्यायला २०१८ साल उजाडलं, तेही तिने लिहून लावलं, पार उजवीकडे, २००७ च्याही पुढे, जिथे कागद संपून भिंत सुरू होत होती.

मी उरलेल्या रोलमधून आणखी दोन हात कागद कापला आणि १९६३ च्या डावीकडे जोडला. त्या बाजूला सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्याच आहेत. मेटलवाल्याने आयोमीच्या काळ्या चिठ्ठीपासून एक दोरा बांधला, हेंड्रिक्सवरून नेला, लिटल रिचर्डवरून नेला, आणि थार्पच्या १९४४ ला आणून टाचणी मारली. नव्वदवाल्याने विचारलं, निर्वाणापासूनचा दोरा कुठून न्यायचा. त्यावर त्यांचं अजून चालू आहे.